खुंटीवरची खंजिरी

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून आला तो पाठीवर एक भलेमोठे काळे धूड घेऊनच. मी दारात रांगोळी घालत होते. क्षणभर वाटले, पोराने कुणाचा तरी तंबोरा उचलून आणला की काय! आत येऊन त्याने त्या धुडाची साखळी ओढली, तेव्हा गिटार निघाली. इंजिनियरिंग कॉलेजला सुटी होती; गिटारीला मात्र नव्हती. मी बेसन भाजत होते आणि हा स्टुलावर बसून तारा छेडत होता. एकच ओळ दोनदा वाजवायची, मग तिला उत्तर दिल्यासारखी तिसरी ओळ. पुन्हा पहिल्यापासून तेच. ऐकता ऐकता माझा कालथा त्या लयीत फिरू लागला.

"कुठल्या सिनेमातलं रे हे?" मी विचारले.

तो हसला. "सिनेमातलं नाही, आजी. याला ब्लूज म्हणतात."

मग लाडू वळता वळता माझी शिकवणी झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांचे हे गाणे. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण राबणे काही संपले नाही. शेत दुसऱ्याचे, कर्ज आपले. दिवसभर जे बोलता येत नसे ते ही माणसे रात्री गाऊन टाकीत. ना शाळा, ना उस्ताद, ना कागदावर लिहिलेले सूर. गळ्याला साथ आपल्याच हाताची. गिटार खांद्याला अडकवायची आणि गावोगाव जायचे.

कापूस म्हटल्यावर माझे कान टवकारले. आम्ही मूळची वरोऱ्याची माणसे. घरासमोरून कापसाच्या बंड्या जाताना बघत लहानाची मोठी झालो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना आमचा वऱ्हाडचा कापूस आठवला आणि त्याला सोन्याचा भाव आला, हे मी स्वतः मुलांना इतिहासात शिकवलेले. कापूस वेचणाऱ्या बोटांचे दुःख मात्र ना त्या पुस्तकात होते, ना मी कधी शिकवले.

नातवाने मोबाईलवर एका जुन्या गवयाचा आवाज लावला. त्याचे नाव ह्यूडी लेडबेटर, पण सगळे त्याला लेडबेली म्हणत. बारा तारांची गिटार वाजवणारा धिप्पाड माणूस. टेक्सासमध्ये खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात पडला होता. गव्हर्नर तुरुंग पाहायला आले, तेव्हा याने आपल्या सुटकेची विनंतीच गाण्यात गुंफून त्यांच्यापुढे गाइली, आणि १९२५ साली गव्हर्नरसाहेबांनी खरोखर त्याला माफी दिली. पुढे तो लुइझियानात पुन्हा तुरुंगात गेला. तिथे १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन हे लोकगीतांचे संग्राहक यंत्र घेऊन पोचले आणि त्याचा आवाज त्यांनी तबकडीवर उतरवून घेतला. पुढच्या वर्षी तो सुटला. लोक म्हणाले, पुन्हा गाण्यानेच सोडवले. सरकारी कागद म्हणतात, चांगल्या वर्तणुकीची सूट मिळाली.

"काय माणूस आहे ना, आजी? गाणं म्हणून तुरुंगातून सुटला!"

"आमच्याकडे एक जण गाणी म्हणून तुरुंगात गेला," मी म्हणाले.

त्याची बोटे तारांवरच थांबली. "कोण?"

मी हात धुतले आणि आतल्या खोलीतली ट्रंक उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली खंजिरी बाहेर काढली. ओंजळीपेक्षा थोडे मोठे लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसवलेले चामडे, कड्याच्या खाचांत पितळेच्या चकत्या. गिटारीपुढे ती अगदीच केविलवाणी दिसली. नातू म्हणाला, "ही तर डफाची धाकटी बहीण!" म्हणाला ते खरेच. पण या धाकट्या बहिणीने आमच्या घरात जे रामायण घडवले, ते मी त्याला त्या रात्री सांगितले. तेच आज तुम्हाला सांगते.

माणिकचा तुकड्या

ती खंजिरी माझ्या वडिलांची. ज्यांच्यापायी त्यांनी ती घेतली, त्यांना सारा महाराष्ट्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखतो. तसबिरीतले महाराज सगळ्यांना ठाऊक असतात. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव दिले गेले, तेही ठाऊक असते. पण तसबीर गात नाही, आणि पाटीला आवाज नसतो. मला नातवाला सांगायचे होते ते त्यांच्यातल्या गवयाबद्दल.

अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी १९०९ साली एका गरीब घरात हा मुलगा जन्मला. नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शिक्षण प्राथमिक शाळेच्या पलीकडे गेले नाही. पोराचे चित्त पाटीवर नव्हतेच. जिथे भजन तिथे हा. वरखेडच्या अडकोजी महाराजांपाशी तो रमला. त्यांनीच त्याला 'तुकड्या' म्हटले. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा तो तुकड्या. आपल्याकडे कुणी असे नाव ठेवले तर माणूस भांडायला उठेल. याने ते नाव शेवटपर्यंत मिरवले. आपल्या भजनांच्या शेवटी नाममुद्रा म्हणून घातले ते हेच.

"लेडबेली हेही टोपणनावच," नातू मध्येच म्हणाला. मी म्हटले, असेल. ज्याला जगाने काही दिले नाही, तो जगाने ठेवलेले नावच अंगावर घेतो.

तरुणपणी हा तुकड्या घर सोडून रानात शिरला, आणि इथून तो आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचा झाला. तेव्हा जिल्ह्याचे नाव चांदा. चंद्रपूर हे नाव १९६४ सालचे. गडचिरोलीही तेव्हा याच जिल्ह्यात होते, ते १९८२ साली वेगळे झाले. ताडोबाच्या बाजूला चिमूरकडचे रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय सांगणार? साग, मोह, तेंदू, आणि माणूस दिसू नये इतके दाट बांबू. त्या रानात रामदिघी आहे, गोंदेड्याची गुहा आहे. तिथे त्यांनी दिवस काढले. गोंदेड्याला आजही लोक तपोभूमी म्हणतात आणि दर वर्षी तिथे यात्रा भरते.

लोक तपश्चर्येच्या गोष्टी सांगतात, त्या ज्याच्या त्याच्या श्रद्धेच्या. माझा विचार बाईमाणसाचा, साधा आहे. रानातल्या पाड्यावर ज्याला घासभर अन्न मिळते, त्याला त्या घरातली चूल दिसते. अंगावर धड वस्त्र नसलेली बाई दिसते, सावकाराचा आणि जंगलखात्याचा धाक दिसतो, दारूने बसलेले घर दिसते. पुढे त्यांच्या भजनांत झोपडी आली, झाडू आला, विहीर आली, व्यसन आले, ते आकाशातून आले नाही. 'या झोपडीत माझ्या' हे त्यांचे भजन माझ्या पिढीला पाठ आहे. राजवाड्यापुढे झोपडीने मान ताठ ठेवून उभे राहावे, असा त्याचा भाव. झोपडीत राहिलेल्या माणसालाच तो साधतो.

एक हात, एक चामडे

आता खंजिरीविषयी. तंबोऱ्याला बैठक लागते, पेटीला पाट लागतो, मृदंगाला वाजवणारा वेगळा लागतो. खंजिरी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची आणि तोंडाने गायचे. चालता चालता, उभ्याने, बंडीत बसून, कुठेही. सगळा संसार एका झोळीत मावतो. थापेबरोबर चामडे बोलते आणि चकत्या झणझणतात. म्हणजे ताल आणि झांज दोन्ही एकाच हाती. दमट हवेत चामडे सैल पडते, आवाज बसतो. मग निखाऱ्याची धग देऊन ते पुन्हा ताणावे लागते. भजनाआधी शेकोटीभोवती खंजिऱ्या शेकत बसलेले लोक हे आमच्याकडचे नेहमीचे दृश्य.

आणि ओळ दोनदा! नातवाच्या गिटारीत मला ओळखीचे वाटले होते ते हेच. भजनी एक ओळ म्हणतो, समोरचे ती उचलतात, भजनी पुन्हा म्हणतो, मग पुढचा चरण येतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्या खेपेला ओळ पाठ होते. कापसाच्या शेतातल्या त्या लोकांनाही पुस्तक नव्हते. त्यांचीही सोय तीच असली पाहिजे.

तुकडोजींनी तीन हजारांवर भजने केली, काही मराठीत, काही हिंदीत. हिंदीमुळे ती छत्तीसगडाकडेही समजत. १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, बोलावून घेतले आणि सुमारे महिनाभर ठेवून घेतले. गांधीजींचे मौन असतानाही त्यांची भजने होत, आणि एकदा मौन विसरून बापूंनी पुन्हा म्हणायला सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. खरे-खोटे मी पाहायला गेले नाही. पण गावोगाव ती मोठ्या अभिमानाने सांगत, हे मी कानांनी ऐकले आहे.

नागपंचमीचा दिवस

आता चिमूर. इथे माझा नातू गिटार बाजूला ठेवून बसला.

१९४२ चा ऑगस्ट. ८ तारखेला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना पकडले. त्या वर्षी आमच्या भागात तुकडोजींच्या भजनांनी रान पेटवल्यासारखे झाले होते. झाडे आणि दगडसुद्धा लढायला उभे राहतील, असे सांगणारे त्यांचे एक भजन तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होते. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे, नागपूरला कॉलेजात. सुटीत वरोऱ्याला आले की मित्रांबरोबर भजनाला जात. त्याच उन्हाळ्यात त्यांनी ही खंजिरी विकत घेतली.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. चिमूरला प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळी झाडली, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला. मग जमाव आवरेना. इमारती जळल्या, आणि चार सरकारी माणसे जमावाच्या हातून मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही असेच रक्त सांडले. काही दिवस चिमुरात सरकार म्हणून उरले नव्हते. मग लष्कर आले. घराघरांतले पुरुष धरून नेले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते लिहायला माझी लेखणी आजही कचरते. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. १९४५ साली उरलेल्या फाशी जन्मठेपेवर आल्या.

२८ ऑगस्ट १९४२ ला चांद्यात तुकडोजी महाराजांना अटक झाली. आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले. त्यांनी हातात शस्त्र धरले नव्हते. सरकारला भय होते ते गळ्याचे आणि त्या चामड्याच्या कड्याचे.

आमच्या घरातले चिमूर

इतिहासाच्या पुस्तकात इथे धडा संपतो. आमच्या घरात तो सुरू झाला.

माझे आजोबा महसूल खात्यात कारकून होते. चिमुरात मारल्या गेलेल्या चौघांपैकी दोघे त्याच खात्याचे अधिकारी. आजोबांनी त्यांच्यापुढे कागद ठेवलेले, दौऱ्यावर त्यांच्याबरोबर चहा घेतलेला. आजी सांगे की, बातमी आली त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. ओसरीवर बसून होते. "त्यांनाही लेकरंबाळं होती," एवढेच दोन-तीनदा म्हणाले. आणि वडील नेमके दुसऱ्या दिवशी हातात खंजिरी घेऊन घरात आले.

आजोबांनी आवाज चढवला नाही. वडिलांच्या हातातून खंजिरी घेतली आणि ओसरीवरच्या उंच खुंटीला अडकवली. "मी आहे तोवर या घरात ही वाजणार नाही," म्हणाले. वडीलही त्यांचेच चिरंजीव. "बालाजीलाही आईबाप होते," असे म्हणून ते घराबाहेर पडले, ते तीन महिने मामांकडे राहिले.

आजीचे दुःख या दोघांपेक्षा निराळे होते. तिची एक चुलतबहीण चिमूरला दिलेली. ती माहेरपणाला आली, तेव्हा महिनाभर कुणाशी बोलली नाही. आजी म्हणायची, "बाप्पा, हे दोघं भांडले कोण मेलं त्याच्यावर. जी जित्ती राहिली तिला काऊन कोणी पुसलं नाही?"

माझ्या लहानपणी खंजिरी त्याच खुंटीवर होती. मी विचारी, "ही कोणाची?" उत्तर मिळत नसे. आजी दिवाळीच्या साफसफाईत ती उतरवी, पुसे, आणि परत अडकवी. घरातल्या दोन पुरुषांचा अबोला तिने असा वर्षानुवर्षे पुसून ठेवला. दोघे बोलत नसत असे नाही. तूरडाळीचा भाव, माझी शाळा, सगळ्यावर बोलत. फक्त एका गोष्टीवर नाही.

गाण्याने माणसे मारली का? वडील म्हणत, गाणे काय करणार. लढाईच्या दिवसांतली टंचाई, वर्षानुवर्षांचा जुलूम, पुढाऱ्यांची धरपकड आणि त्या सकाळची गोळी, यांनी मारले. आजोबांचे म्हणणे आजीच्या तोंडून मला कळले ते असे की, वाळलेल्या गवताला ठिणगीचा जाब विचारता येत नाही, ठिणगीला विचारावा लागतो. मी आज सत्तरी ओलांडली. इतिहास शिकवण्यात जन्म गेला. दोघांपैकी एकाला खोटे ठरवणे मला अजून जमलेले नाही.

तुरुंगातून परत

पण एक गोष्ट वडिलांनी मला पुढे सांगितली, आणि ती सरळ तारखांची आहे. शंभरेक दिवस तुरुंगात काढून महाराज १९४२ च्या डिसेंबरात सुटले. १९४३ साली त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळ उभे केले आणि गावोगाव त्याच्या शाखा निघाल्या. पहाटे ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मधल्या वेळात झाडू, फावडे आणि टोपली. ज्या आवाजावर हजारो माणसे उठली, त्याच आवाजावर आता ती ओळीने बसू लागली. जातपात न विचारता, शेजारी बसून, गप्प राहून. आमच्या भागात पाटील आणि त्याचा गडी एका रांगेत बसणे ही केवढी गोष्ट होती, ते आजच्या मुलांना कळणार नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. विनोबांच्या भूदानासाठी ते गायले. १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी सोबत होती. 'ग्रामगीता' लिहिली: ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या, आणि विषय काय, तर गावाची सफाई, शेती, आरोग्य, शिक्षण, लग्नातला खर्च, स्त्रीचा मान. राजेंद्रबाबूंनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. १९६२ च्या चिनी आक्रमणात आणि १९६५ च्या लढाईत ते सीमेवर जाऊन जवानांपुढे गायले. हातात वाद्य तेच, दीड वीत रुंदीचे.

गॅसबत्तीच्या उजेडात

१९६५ च्या सुमारास मी त्यांना ऐकले. अकरा-बारा वर्षांची होते. वरोऱ्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावी त्यांचे भजन होते. वडील, आजी आणि मी बंडीने निघालो. बंडीत तणस, वर घोंगडी, फडक्यात चून-भाकर. थंडी अशी की बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. आजोबा ओसरीवर पेपर वाचत होते. कुठे चाललात असे त्यांनी विचारले नाही, आणि कुणी सांगितलेही नाही.

मैदानात हजारो माणसे असावीत, पण जत्रेचा गलका नव्हता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, शेत नांगरल्यासारख्या सरळ ओळी. गॅसबत्त्यांभोवती किडे भिरभिरत होते. प्रार्थना झाली. मग डोक्याला भगवे वस्त्र गुंडाळलेले एक गृहस्थ मंचावर बसले, त्यांनी खंजिरी उचलली आणि एकच थाप मारली.

गायकी म्हणाल तर मी नागपुरात पुढे मोठमोठ्या गवयांच्या मैफली ऐकल्या. तशा ताना, तसे आलाप तिथे नव्हते. शब्द असा लख्ख येत होता, की शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही तो तिच्यासाठीच म्हटल्यासारखा वाटावा. हसवता हसवता चिमटा काढीत होते. दारूवर एक भजन झाले, तेव्हा माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून रडू लागली; आणि समोर पुरुषांच्या ओळीत एकाने मान खाली घातली. त्यांचे नाते काय ते मी ओळखले. इतक्या लहान वयात ओळखले, म्हणजे गाणे किती खरे असेल पाहा!

परत निघालो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. बंडीकडे येताना आजीने माझा हात दाबला. मैदानाच्या कडेला, बाभळीखाली, मफलर तोंडावर ओढून एक माणूस उभा होता. आम्हाला बघून तो अंधारात सरकला. "गप राय," आजी म्हणाली. वडिलांनी पाहिले की नाही, मला अजून माहीत नाही. आजोबा आमच्या आधी घरी पोचले ते कुणाच्या सायकलवरून, हेही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी दूध पीत होते. आजोबा आले. हातात खंजिरी होती. ती त्यांनी खुंटीवरून स्वतः उतरवली होती. चुलीतले निखारे चिमट्याने पुढे ओढले आणि चामडे शेकू लागले. सावकाश, फिरवून फिरवून, भाकरी शेकावी तसे. बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. वडील शाळेत जायला निघाले होते, ते दारातच थांबले.

"इतकी वर्षं लटकून राहिली. कसर लागली असती," आजोबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, आणि खंजिरी त्यांनी वडिलांच्या हातात दिली.

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी शाळेची पिशवी खाली ठेवली आणि चुलीपाशी बसून हलकेच एक थाप मारली. आजी भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

आजोबांनी चिमूर माफ केले असे मी म्हणणार नाही. त्यांनी तसे कधी म्हटले नाही. पुढच्या नागपंचमीलाही ते नेहमीसारखेच गप्प होते. पण त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरात खंजिरी वाजली, आणि ते ओसरीवरून उठून गेले नाहीत.

दोन गवयांचे शेवट

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. कर्करोगाने गाठले होते. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेलेले. वडील मोझरीला जाऊन आले आणि रात्री एकटेच खंजिरी घेऊन बसले. बराच वेळ नुसती मांडीवर ठेवून, न वाजवता.

नातवाने लेडबेलीचा शेवटही सांगितला. तो १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला वारला. पुढच्याच वर्षी त्याचे एक गाणे दुसऱ्या गायकांनी गाइले आणि ते साऱ्या अमेरिकेच्या तोंडी झाले. त्याला ते बघायला मिळाले नाही. "किती वाईट ना, आजी?" मी म्हटले, वाईट खरेच. पण गाणारा गेल्यावर गाणे दुसऱ्याच्या तोंडात राहिले, तर त्याच्या जन्माचे सार्थक झाले असेही म्हणता येईल. आमच्या चिमूर-ब्रह्मपुरीकडच्या गावांत आजही संध्याकाळी प्रार्थनेला माणसे बसतात. सत्यपाल महाराजांसारखे कीर्तनकार एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून त्याच वाटेने लोकांना जागे करतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नातू म्हणाला, "आजी, वाजवून दाखव ना." माझे हात आता थरथरतात, आणि चूलही राहिली नाही. गॅसच्या बारीक आचेवर, बऱ्याच उंचावर धरून मी चामडे शेकले. टिचकी मारून पाहिली. मग मी ठेका धरला आणि त्याने गिटारीवर आपली ती दोनदा म्हणायची ओळ सुरू केली. पहिल्यांदा जमले नाही. त्याची गती एक, माझी एक. मग तो थोडा थांबला, मी थोडी सरकले, आणि चार-सहा आवर्तने बरी झाली. शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने विचारले, "आजी, मग बरोबर कोण होतं? पणजोबा की खापरपणजोबा?"

"झोप आता," मी म्हणाले. सकाळी त्याची गाडी होती.

तो गेला. खंजिरी मात्र मी ट्रंकेत परत ठेवली नाही. बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून घेतला आहे, पण मुद्दाम खालीच, माझा हात पोचेल इतक्या उंचीवर. दर पंधरा दिवसांनी उतरवते, शेकते, आणि दोन थापा मारून पाहते.